तेरा नंबरची वारी

आधीच कबूल करते, हे लिहायला मी सात-आठ महिने लावलेत. जॉनी गुड्रो नावाच्या हॉकी प्लेयरच्या आठवणीत केलेली आमची तीन दिवसांची ट्रिप झाली २०२५ च्या मे अखेरीला, फोटो फोनमध्ये तसेच पडून, रोज रात्री वाटायचं आज लिहू आणि रोज डबे, होमवर्क, ऑफिसचे कॉल. अशाच उद्यावर ढकलण्यापायी एक गोष्ट हातची गेली, ती शेवटी सांगते.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, पण मी मूळची खडकीची. खडकीत हॉकी म्हणजे मैदान, चेंडू आणि धनराज पिल्लै. तो आमच्या खडकीचाच, त्यामुळे आमच्या लहानपणी गल्लीतल्या दर दुसऱ्या पोराच्या हातात हॉकीची काठी असायची. माझा पोरगा सहा वर्षांचा असताना "मला हॉकी खेळायचीय" म्हणाला तेव्हा मी कोण खूश होऊन अण्णांना फोन लावला. मग त्यांना सांगितलं की इथे बर्फावर खेळतात, पायात पातं लावलेले बूट घालून. अण्णा जरा वेळ गप्प, मग म्हणाले, "पडेल ना गं तो."

पडतो. आता बारा वर्षांचा आहे, टीममधला सगळ्यात बुटका, आणि मागच्या वर्षी एका कोचने (टीमचं नाव सांगत नाही) सरळ सांगितलं की उंची वाढली की बघू. त्या रात्री हा रडला नाही, आयपॅड घेऊन बसला आणि बुटक्या प्लेयर्सचे व्हिडिओ शोधायला लागला. तिथे त्याला जॉनी गुड्रो सापडला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जॉनी गुड्रो म्हणजे साऊथ जर्सीचा पोरगा, कागदावर ५ फूट ९ इंच पण बघणारे म्हणायचे की बूट घालून. २०११ च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएल ही इथली सगळ्यात मोठी हॉकी लीग, तिच्या टीम्स त्यात नवी पोरं निवडतात) १०४ नंबरला कॅनडातल्या कॅल्गरीने घेतला, म्हणजे आधी १०३ जण निवडून झाल्यावर. बॉस्टन कॉलेजकडून खेळताना २०१२ ची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकला, आणि २०१३-१४ च्या सीझनमध्ये ४० मॅचमध्ये ८० पॉइंट्स (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत मिळून) काढून कॉलेज हॉकीतलं सगळ्यात मोठं बक्षीस घेतलं, होबी बेकर अवॉर्ड. सगळे त्याला 'जॉनी हॉकी'च म्हणायचे. पुढे कॅल्गरी, मग कोलंबस, जर्सी नंबर १३. आणि २९ ऑगस्ट २०२४ च्या रात्री बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तो आणि त्याचा धाकटा भाऊ मॅथ्यू घराजवळच्या रस्त्यावर सायकल चालवत असताना गाडीने उडवलं. दोघंही जागच्या जागी गेले. जॉनी ३१, मॅथ्यू २९.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा सीरियलचा बाऊल पुढे ठेवून नुसता बसलेला. म्हणाला, "आई, जॉनी गेला." मला आधी वाटलं शाळेतला कोणी. काळजात धस्सच झालं.

त्या आठवड्यात आमच्या टीमच्या आयांनी ग्रुपवर ठरवून घराबाहेर हॉकी स्टिक उभ्या केल्या आणि रात्रभर पोर्चचा दिवा चालू ठेवला. माझी सासू तेव्हा इथेच होती, तिने काही न विचारता स्टिकपाशी एक पणतीही लावली.

मे मध्ये कळलं की गुड्रो कुटुंब ३१ तारखेला ५ किलोमीटरची रन ठेवतंय, सूवेलला. एडिसनपासून दीड तास. नवरा म्हणाला जायचंच तर नीट जाऊ, तीन दिवस काढू.

दिवस पहिला, शुक्रवार ३० मे

शाळा सुटल्यावर निघालो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा. हॉकीची बॅगही बरोबर, कारण "रिंकवर चान्स मिळाला तर?" (रिंक म्हणजे बर्फाचं मैदान.) त्या बॅगेचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना मी वेगळं काही सांगायची गरज नाही, खिडक्या उघड्या ठेवूनच रूट वन पकडला.

पहिला थांबा प्रिन्स्टन. प्रिन्स्टन का, तर जॉनीला जे अवॉर्ड मिळालं ते ज्याच्या नावाचं आहे तो होबी बेकर इथला. खरं सांगते, मला वाटायचं होबी बेकर म्हणजे कुठल्यातरी कंपनीचं नाव असेल. पोराने गाडीत क्लास घेतला माझा.

होबी बेकर १९१० ते १९१४ प्रिन्स्टनमध्ये होता. फुटबॉलचा कॅप्टन, हॉकीचाही कॅप्टन, आणि फुटबॉल खेळताना हेल्मेट घालायचा नाही. तेव्हा हॉकीत सात जण असायचे, सातवा 'रोव्हर', जो मोकाट सुटलेला, आणि हा रोव्हर खेळायचा. आपल्याच गोलच्या मागे पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) घेऊन दोन-तीन फेऱ्या मारून स्पीड घ्यायचा आणि मग निघाला की अख्खं पब्लिक उभं राहून ओरडायचं, आला रे आला. (आपल्याकडे दहीहंडीला ओरडतात तेच की, मी म्हटलं. पोराला जोक कळला नाही.) पण मला आवडली ती वेगळीच गोष्ट. कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मिळून त्याला एकच पेनल्टी बसली, आणि मॅच संपली की हरो किंवा जिंको, हा समोरच्या टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन एकेकाशी हात मिळवून यायचा.

बेकर रिंक बंद होतं. मे एंडला कोण उघडं ठेवणार, पण आमच्या डोक्यात आलंच नाही. दगडी बिल्डिंग, रिंकपेक्षा चर्चसारखी जास्त दिसते. दाराच्या काचेला नाक लावून आत बघितलं, अंधार. पोराचं तोंड उतरलं. पण बाहेरच्या पायरीवर बसून धपाटे खाताना नवऱ्याने जे वाचून दाखवलं ते मला अजून आठवतं: होबी गेल्यावर हे रिंक वर्गणी काढून बांधलं, १९२३ मध्ये उघडलं, आणि त्या वर्गणीत हार्वर्ड आणि येलच्या लोकांनीही पैसे घातले. म्हणजे ज्यांना याने मैदानात रडवलं त्यांनीच. गणपतीची वर्गणी मागायला शेजारच्या मंडळाकडे गेलं तर काय होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना याची किंमत कळेल.

आणि गंमत म्हणजे होबीच्या वेळी प्रिन्स्टनला स्वतःचं रिंकच नव्हतं. कार्नेगी लेक गोठलं की तिथे सराव करायचे, नाहीतर मॅचेससाठी न्यूयॉर्कला जायचे. लेकवर आम्ही संध्याकाळी गेलो. रोइंगची एक होडी शांतपणे चाललेली, कडेला बदकं, उकाडा. पोराने विचारलं इथे खरंच बर्फ होतो का? मी म्हटलं होत असेल बाबा, शंभर वर्षांपूर्वी थंडी तरी थंडीसारखी पडत असेल.

रात्री सूवेलजवळच्या एका मोटेलमध्ये. एसीचा आवाज ट्रॅक्टरसारखा. दुसरं काही सांगण्यासारखं नाही.

दिवस दुसरा, शनिवार ३१ मे

हा दिवस मोठा आहे, आधीच सांगते.

सकाळी वॉशिंग्टन लेक पार्क. गवत ओलं, बूट पाच मिनिटांत भिजले. आणि जिकडे बघावं तिकडे १३. कॅल्गरीचा लाल १३, कोलंबसचा निळा १३, बॉस्टन कॉलेजचा मरून, यूएसएचा पांढरा. मधेमधे २१, तो मॅथ्यूचा. ते बघून मला बरं वाटलं. मोठा भाऊ स्टार असला की धाकटा नेहमी 'आणि त्याचा भाऊ' एवढ्यावर निघून जातो. मॅथ्यूही बॉस्टन कॉलेजला होता, २०१३-१४ ला दोघं एका टीममध्ये होते, नंतर खालच्या प्रो लीगमध्ये खेळला आणि मग आपल्याच शाळेत, ग्लॉस्टर कॅथलिक हायस्कूलला, हॉकी कोच झाला. इथे पळायला आलेल्या पोरांतली काही त्याच्या हाताखाली शिकलेली होती. त्यांचे चेहरे जॉनीच्या फॅन्ससारखे नव्हते, ही पोरं घरातलं माणूस गेल्यासारखी गप्प होती.

रनचे पैसे जाणार होते आर्चबिशप डामियानो स्कूलला. स्पेशल गरजा असलेल्या मुलांची शाळा आहे, वेस्टव्हिलला, आणि या दोघांची आई तिथे काम करते. तिथे व्हीलचेअरवरच्या मुलालाही खेळता येईल असं प्लेग्राउंड करायचं चाललं होतं. दोन मुलगे एका रात्रीत गेलेली बाई, आणि तिच्या मनात काय तर दुसऱ्यांच्या मुलांना झोका मिळावा. गर्दीत आईवडील लांबून दिसले. नवरा म्हणाला जाऊन भेटू या का, मी म्हटलं नको. आपण काय बोलणार.

पोरगा पळाला. मी चालले. नवऱ्याचा गुडघा नेमका त्या दिवशी दुखायला लागला त्यामुळे त्याने पाण्याच्या बाटल्या सांभाळायचं महान कार्य केलं.

चालताना शेजारी एक काका लागले, साठीचे, लाल जर्सी. कॅल्गरीहून खास विमानाने आलेले. मी विचारलं एवढ्या लांबून? तर म्हणाले मला सॉरी म्हणायचं होतं. मग चालता चालता सगळी स्टोरी. जॉनी कॅल्गरीला आठ सीझन खेळला, शेवटच्या सीझनला ४० गोल, ११५ पॉइंट्स, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात घराच्या जरा जवळ जायचं म्हणून कोलंबसला गेला. सगळं कॅल्गरी चिडलं. पुढच्या जानेवारीत तो कोलंबसकडून कॅल्गरीत खेळायला आला तेव्हा आधी त्याचा व्हिडिओ दाखवला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि मग मॅचमध्ये पक त्याच्याकडे गेला की त्याच लोकांनी बू केलं. "मीही केलं," काका म्हणाले. "जोरात केलं. सगळे करत होते. मजा वाटत होती." मग दीड वर्षांनी तोच माणूस त्याच स्टेडियमच्या, सॅडलडोमच्या, पायऱ्यांवर जांभळ्या गेटोरेडची बाटली ठेवायला गेला, कारण जॉनीला जांभळा गेटोरेड आवडायचा हे तिथे पोराटोरांना माहीत. म्हणाले पायऱ्यांवर फुलं, स्टिक, गेटोरेडच्या बाटल्या आणि स्किटल्सची पाकिटं, चालायला जागा नव्हती.

मला काय बोलावं सुचेना. मी त्यांना धपाटं दिलं. त्यांनी खाल्लं आणि विचारलं, तिखट का आहे.

स्किटल्सची गोष्ट कळली ती दुपारी, खरं तर तिच्यासाठीच पुढचा थांबा होता. हॉलीडेल आइस अरीना, पार्कपासून जवळच. जॉनीचे वडील इथे हॉकीचं सगळं बघायचे. जॉनी अगदी दुडूदुडू चालणारा असताना बर्फावर उभा राहायला तयार नव्हता, तर बापाने काय केलं, बर्फावर अंतराअंतरावर स्किटल्सच्या गोळ्या टाकल्या. एक उचलायची की पुढची दिसते, ती उचलायला पुढे सरकायचं. असा तो स्केटिंग शिकला. आपल्याकडे चिऊकाऊचे घास करून भरवतात तसंच की हे. फक्त इथे चिऊने स्वतः चालत यायचं.

आतमध्ये नेहमीचाच रिंकचा वास, थंडी, रबर, घाम, कॉफी. काचेपलीकडे बारकी बारकी पोरं प्रॅक्टिस करत होती, एक सारखं पडत होतं. आमच्या पोराने मशीनमधून स्किटल्सचं पाकीट घेतलं, स्वतः अर्धं संपवलं आणि उरलेलं तिथल्या बेंचवर नीट घडी घालून ठेवलं. मला उगाच वाटलं की कोणी कचरा म्हणून टाकून देईल. बोलले नाही.

ग्लॉस्टर सिटीला शाळा नुसती गाडीतून बघितली, शनिवार, सगळं बंद, मागे नदी आणि पूल. पाच मिनिटं.

मग तो रस्ता. यावरून आमचं भांडण झालं, खोटं कशाला बोलू. मी म्हणत होते नको, तमाशा बघायला गेल्यासारखं होतं. नवरा म्हणाला निर्णय पोराचा. पोरगा म्हणाला जायचं. ओल्डमन्स टाउनशिप, साऊथ जर्सीचा शेतीचा पट्टा, दोन लेनचा सरळ रस्ता, दोन्हीकडे शेतं, कडेला सायकलपुरती जागा. पोलिसांनी सांगितलं ते असं की पुढची गाडी या दोघांना जागा द्यायला बाजूला सरकली आणि मागच्या गाडीचा ड्रायव्हर तिला उजवीकडून मागे टाकायला गेला, थेट यांच्यावर. तो प्यायलेला होता असा आरोप आहे. कोर्टाचं कोर्ट बघेल, पण त्या रस्त्यावर उभं राहून मला एवढंच दिसत होतं की वळण नाही, चढ नाही, काही नाही. सरळसोट रस्ता. इथे माणूस मरायला काहीही कारण नाही.

पोराने गाडीतून स्टिक काढली. गवतात उभा राहिला आणि जमिनीवर टकटक, तीनदा. याला स्टिक टॅप म्हणतात, बर्फावर प्लेयर लोक मान द्यायला स्टिक आपटतात. बर्फावर त्याचा छान खणखणीत आवाज येतो. गवतात काहीच आला नाही, म्हणून मग तो रस्त्याच्या डांबरी कडेवर पुन्हा तीनदा करून आला आणि मी नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला की नखं लागली, कारण मागून ट्रक येत होता.

येताना गाडीत तो कोलंबसची पहिली होम मॅच सांगत होता, १५ ऑक्टोबर २०२४. मॅच सुरू होताना कोलंबसने लेफ्ट विंगला प्लेयरच उभा केला नाही. जॉनीची जागा रिकामी. पक पडला आणि १३ सेकंद कोणी खेळलंच नाही, दोन्ही टीम उभ्या, घड्याळ चालू, सगळं स्टेडियम जॉनीच्या नावाने ओरडतंय. ती क्लिप मी नंतर बघितली. बघू नका ऑफिसमध्ये.

दिवस तिसरा, रविवार १ जून

पूल ओलांडून फिलाडेल्फिया, मग त्या शूलकिल एक्स्प्रेसवेवर रविवार असून ट्रॅफिक. बाला किनवुडला वेस्ट लॉरेल हिल नावाची मोठी दफनभूमी आहे, टेकडीवर, झाडीच झाडी. होबी बेकर इथे आहे. तोही याच भागातला, १८९२ चा जन्म. म्हणजे होबी आणि जॉनी, दोघं फिलाडेल्फियाच्या आजूबाजूचे, मधे नुसती नदी. आणि जॉनीला २०१४ ला अवॉर्ड मिळालं तेही फिलाडेल्फियातच. आदल्या दिवशी बॉस्टन कॉलेज सेमीफायनल ५-४ ने हरलेलं, दुसऱ्या दिवशी अवॉर्ड, आणि त्यानंतर दोन दिवसांनी व्हॅंकुव्हरला पहिली एनएचएल मॅच, पहिल्याच शॉटवर गोल. पोरगा हे सगळं एका दमात म्हणतो, पाढ्यांसारखं. पाढे मात्र येत नाहीत.

होबीचं पुढे काय झालं ते इथे चालताना कळलं. कॉलेजनंतर न्यूयॉर्कला बँकेत नोकरी, संध्याकाळी हौस म्हणून हॉकी. प्रोफेशनल झालाच नाही. मग पहिलं महायुद्ध, फायटर पायलट, स्क्वाड्रनचा कमांडर, विमानाला प्रिन्स्टनचे नारिंगी-काळे रंग. युद्ध संपलं. घरी जायची ऑर्डर हातात आली. आणि २१ डिसेंबर १९१८ ला फ्रान्समध्ये तूलजवळ एक दुरुस्त केलेलं विमान बघतो जरा म्हणून वर गेला, इंजिन बंद पडलं. २६ वर्षांचा. तीन वर्षांनी आईने त्याला फ्रान्समधून इकडे आणलं.

मी तिथेच थांबले. काल एक आई आणि आज दुसरी. ट्रिप म्हणून निघालो होतो आणि मला दोन दिवस फक्त आयाच दिसत होत्या.

कबर शोधायला अर्धा तास गेला, नकाशा असून. साधा दगड, त्यावर कविता कोरलेली. १९४५ ला हॉकी हॉल ऑफ फेमने जे पहिले नऊ प्लेयर घेतले त्यात हा होता, आणि नंतर कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्येही गेला. दोन्हीकडे असलेला हा एकटाच. पोराने खिशातून पक काढला. नवा नाही, त्याचा जुना, कडा झिजलेला, पहिल्या गोलचा. मला माहीतच नव्हतं की त्याने आणलाय. तो पक आमच्याकडे शोकेसमध्ये गणपतीशेजारी असतो. मी म्हटलं, अरे तो तुझा पहिला... तर म्हणाला, "त्याला बँकेत काम करून हॉकी खेळायला लागायची. मला अजून मिळतील." लॉजिक मला कळलं नाही पण ठेवू दिला.

तिथून सरळ घरी. एक थांबा, पेट्रोल आणि वडापाव (एडिसनचा, अर्थातच, बाहेरचा कोण खाणार).

सोमवार

बॉस्टन राहिलं. पोराला बॉस्टन कॉलेजचं रिंक बघायचं होतं, आणि त्याहून जास्त जुनं बॉस्टन अरीना, १९१० चं, नंतर मॅथ्यूज अरीना म्हणायचे, जिथे १९१४ ला होबीची हार्वर्डविरुद्धची लांबतच गेलेली एक मॅच झाली. प्रिन्स्टन हरलं त्यात. मी म्हटलं रजा नाही रे, डिसेंबरच्या सुट्टीत नक्की. आणि डिसेंबर २०२५ मध्येच तिथली शेवटची मॅच झाली आणि ते बंद झालं, पाडायचं ठरलं. ही ती हातची गेलेली गोष्ट. पोरगा मला काही बोलला नाही, पण बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या सोमवारी संध्याकाळी मात्र त्याने गॅरेजमधून सायकल काढली. मित्राकडे जातो म्हणाला, दोन गल्ल्या सोडून. मी नाही म्हणाले. मग तो म्हणाला आई, प्लीज. मग नवरा काही न बोलता टूलबॉक्स घेऊन आला, आणि आम्ही तिघं ड्राइव्हवेवर बसून सायकलला मागे लाल लुकलुकणारा दिवा लावला, पुढे पांढरा, आणि मी त्याच्या पाठीवर तो पिवळा चमकणारा पट्टा बांधला. त्याला तो अजिबात आवडला नाही. "सगळे हसतील," म्हणाला. हसू देत.

गेला. कोपऱ्यावर वळेपर्यंत तो लाल दिवा दिसत होता, मी तिथेच उभी होते. साडेसातला यायचं सांगितलं होतं, सात पंचविसाला आला.